कोलीच्या पिल्लाचे कान: टोकाकडे नको, बुडाकडे बघा

आमची कोली चिंगी साडेचार महिन्यांची असताना एका आठवड्यात तिच्या कानांनी चार अवतार घेतले. सोमवारी दोन्ही छान, टोकं पुढे पडलेली, बुधवारी डावा खांबासारखा उभा, शुक्रवारी उजवा विमानाच्या पंखासारखा आडवा, आणि रविवारी दोन्ही कान डोक्याच्या मधोमध एकमेकांना भेटायला निघालेले. आई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेली, ती म्हणाली अगं हिला टीव्हीचा अँटेना बसवलाय का. त्या दिवसांत मी रात्री दोन दोनला उठून मोबाईलवर कोलीच्या कानांचे फोटो बघायचे, म्हणून आता कुणी विचारलं की द्यायला सगळं एकदाच लिहून टाकावं असं ठरवलं.

आधी हे कुणासाठी ते सांगते. कोली म्हणजे रफ कोली, लांब केसांचा, लॅसीच्या सिनेमातला, आणि त्याचा आखूड केसांचा भाऊ स्मूथ कोली. (आईला पहिले सहा महिने वाटत होतं की मी "कोळी" म्हणतेय, तो वेगळाच किस्सा.) बॉर्डर कोली ही वेगळी जात, तिच्यात कान उभे असोत की अर्धे पडलेले, दोन्ही चालतं, त्यामुळे बॉर्डर कोलीवाल्यांनी कान वळवायला काहीही चिकटवायला जाऊ नका. शेल्टीवाल्यांना (शेटलंड शीपडॉग, कोलीसारखाच दिसणारा पण लहान) मात्र खालचं बरंच लागू पडेल, फक्त सगळं मापाने लहान करा.

आता बरोबर कान कसा असतो ते. अमेरिकन केनेल क्लबच्या स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे जात कशी दिसावी हे सांगणाऱ्या नियमांप्रमाणे, कुत्रा सावध असताना कानाचा साधारण पाऊण भाग उभा आणि वरचा पाव भाग पुढे पडलेला. ब्रिटनमध्ये आणि एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या स्टँडर्डमध्ये दोन तृतीयांश उभा, एक तृतीयांश पुढे. भारतात केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोला न्यायचं असेल तर हा दुसरा हिशोब धरा. फरक थोडाच दिसतो पण चेहरा बदलतो, अमेरिकन कोली जरा जास्त टवकारलेला वाटतो आणि ब्रिटिश जरा मऊ. रफ कोलीचे कान लहान हवेत, स्मूथला मध्यम आकाराचे चालतात, त्यात स्मूथला मानेची झालर (मानेभोवतीचे लांब केस) नसते त्यामुळे कान आहेत त्याहून मोठे दिसतात, तिथे घाबरायचं नाही.

आणि हे सगळं कुत्रा सावध असतानाचं बरं का! आरामात असताना कोली कान लांबीत दुमडून मागे झालरीत टाकतो, पार दिसेनासे होतात. "माझ्या पिल्लाचे कानच उभे राहत नाहीत" म्हणून जे फोटो लोक पाठवतात त्यातले अर्धे झोपाळलेल्या, दमलेल्या नाहीतर लाडात आलेल्या पिल्लांचे असतात. कान टवकारल्याशिवाय कानाबद्दल मत बनवायचं नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला पहिल्या कुत्र्याच्या वेळी कुणी सांगितली नाही. सगळे टोकाकडे बघतात, टोक पुढे पडलं का, किती पडलं, दोन्हीकडे सारखं पडलं का. पण कान ठरतो तो बुडाशी. कवटीवर कान कुठे उगवलाय, किती वर, दोघांत अंतर किती, आणि टवकारल्यावर बूड वर खेचलं जातं की बाजूलाच राहतं, हे आधी बघायचं. बूड वर आणि जवळ असेल तर टोक आज ना उद्या बरंचसं मार्गी लागतं, नाही लागलं तरी थोड्या मदतीत लागतं. बूड बाजूला, खाली असेल तर टोक कितीही सुंदर दुमडा, चेहरा शिकारी कुत्र्यासारखा लोंबताच दिसणार.

हे बघायचं कसं, तर पिल्लाला सपाट जागी उभं करा, स्वतः त्याच्या उंचीवर खाली बसा, वरून बघायचं नाही, आणि एकाने मागे उभं राहून तुमच्या डोक्यावरून पिल्लाने कधी न ऐकलेला आवाज काढायचा. आमच्याकडे कुकरची शिट्टी हातात घेऊन वाजवायचे, तीन दिवस चालली, मग चिंगीला कळलं. टवकारल्या क्षणी समोरून फोटो. दर रविवारी एक, शक्यतो सकाळी, खाणं आणि झोप झालेली असताना. मग ते फोटो ओळीने लावून बघा आणि टोक बोटाने झाकून बघा, खरंच, मोबाईलच्या स्क्रीनवर बोट ठेवून, म्हणजे नुसतं बूड दिसतं. रोज बघणाऱ्याला काही कळत नाही, फोटोंत कळतं.

वेळेचं म्हणाल तर आठ आठवड्यांच्या पिल्लाचे कान कसेही असतात, कूर्चा अजून मऊ असते. मग दात बदलायला लागतात, ढोबळ चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्यापर्यंत, 28 दुधाचे दात जाऊन 42 पक्के येतात, आणि याच काळात कान गोंधळ घालतात. आज आहेत तसे उद्या नसतात. बरेच ब्रीडर सांगतात की शरीर कॅल्शियम दातांकडे वळवतं म्हणून कान पडतात आणि मग लोक घाबरून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतात. कृपा करून असं करू नका, चांगलं पपी फूड खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडांना त्रास होऊ शकतो, आणि कान काही त्याने वळत नाही.

मग कान चिकटवून दुमडायचे की नाही? घरातलाच कुत्रा असेल, शोला जायचं नसेल, तर काही केलं नाही तरी चालतं. उभ्या कानांचा कोली तितकाच ऐकतो, म्हणजे तितकंच ऐकत नाही. शोसाठी मात्र कान मोठी गोष्ट आहे कारण कोलीत एक्स्प्रेशन नावाच्या प्रकाराला फार वजन आहे, ते म्हणजे चेहऱ्याचा भाव, पाचरीसारखं निमुळतं डोकं, बदामी डोळे आणि कान या तिघांतून बनतं, आणि उभे किंवा खाली पडलेले कान असले की मार्क जातात. आमच्या न्यू जर्सीतल्याच रेड बँक गावच्या बेलहेवन केनेलचा लॉंड लॉयल्टी ऑफ बेलहेवन 1929 मध्ये वेस्टमिन्स्टर या न्यू यॉर्कच्या मोठ्या डॉग शोला बेस्ट इन शो, म्हणजे सगळ्या जातींत पहिला, झाला, तो तेव्हा नऊ महिन्यांचा होता, आणि त्याच्यानंतर एकाही कोलीने ते बक्षीस घेतलेलं नाही. नऊ महिन्यांचा! आमची चिंगी नऊ महिन्यांची असताना कचऱ्याच्या डब्यात डोकं अडकवून घरभर फिरत होती.

गंमत म्हणजे अमेरिकन स्टँडर्डमध्ये कान निर्विवादपणे नैसर्गिकरीत्या दुमडलेला हवा अशा अर्थाचं लिहिलंय आणि त्याच देशात बहुतेक शो ब्रीडर पिल्लांचे कान चिकटवतात. मला हा ढोंगीपणा वाटतो, पण मीही चिकटवलेत, तेव्हा गप्प बसते.

सामान काय लागतं ते बघा. मोलस्किन, म्हणजे पायाला बूट चावू नये म्हणून लावतात ती मऊ चिकट कापडी पट्टी, अमेरिकेत कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते, भारतात ऑनलाइन. मायक्रोपोर टेप, ही पुण्यातल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये पण मिळेल. कापड चिकटवायचा लेटेक्सचा गोंद, इथे टिअर मेंडर नावाचा जास्त चालतो. कापूस, रबिंग अल्कोहोल, बोथट टोकाची कात्री, विरळ करायची कात्री. आणि फेविक्विक नाही! हसू नका, एकाने विचारलं होतं. तो कातडी धरून ठेवतो, सुटताना कातडी घेऊन सुटतो. फेव्हिकॉलही नको.

आधी कानाच्या आतले, जिथे चिकटवायचंय तिथले केस बारीक करा. मग कापसाला थोडं अल्कोहोल लावून तो भाग पुसा कारण कानाची कातडी तेलकट असते आणि तेलावर काहीही चिकटत नाही. कापूस पिळून घ्यायचा, थेंब कानाच्या भोकात जाता कामा नये. पूर्ण वाळू द्या. कातडीवर ओरखडा, लाली, पुरळ काहीही दिसलं तर आज नाही, आधी ते बरं होऊ दे.

आता टोक. स्टँडर्डमध्ये जिथे घडी हवी त्याहून किंचित खाली दुमडायचं, कारण सोडल्यावर कान थोडा वर जातोच. टोकाच्या आतल्या बाजूला गोंदाचा एक थेंब आणि ते जिथे टेकणार तिथे एक, मिनिटभर थांबा म्हणजे चिकचिकीत होतो, मग टेकवून मिनिट दोन मिनिटं धरून ठेवा. घडी इस्त्रीची नको. पदर खांद्यावरून जसा गोल पडतो तसं टोक पडायला हवं, आत बोट जाईल एवढी पोकळी ठेवून. कडक घडी घातली तर कानाला कायमची चुणी पडते आणि ती लांबूनही दिसते. आणि कानाचं भोक उघडं राहिलंच पाहिजे, समोरून बघितल्यावर आत दिसलं पाहिजे, हवा गेली पाहिजे. याला माफी नाही.

या मिनिटभरात पिल्लू शांत कसं ठेवायचं? घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात चमच्यावर पीनट बटर. डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलेलं नाही ना ते बघून घ्या, ते कुत्र्याला विष आहे. मी एकटीने करून बघितलंय, गोंद माझ्या केसांत, चिंगीच्या मिशीत आणि सोफ्यावर, कानाला सोडून सगळीकडे.

बूड बाजूला पडत असेल तर पूल बांधायचा. दोन्ही कानांच्या आतल्या कडांना, बुडाच्या जरा वर, मोलस्किनचा एकेक तुकडा लावा आणि कवटीवरून जाणाऱ्या पट्टीने ते दोन तुकडे जोडा. अंतर किती ठेवायचं ते त्या रविवारच्या फोटोंवरून ठरवा, पिल्लू सगळ्यात छान टवकारलेलं असताना जेवढं होतं तेवढंच, माझ्याकडे ते दोन बोटांच्या आसपास यायचं पण तुमचं पिल्लू तुम्ही मोजा. त्याहून जवळ ओढायचं नाही, कपाळाची कातडी ताणलेली दिसली की समजा चुकलंय. कानाच्या बुडाभोवती टेप कधीच गुंडाळायची नाही, रक्त अडतं. आणि चिंगीच्या त्या रविवारसारखे कान मधोमध एकमेकांकडे निघाले असतील तर पूल बांधायचाच नाही, ते आधीच जवळ आहेत, तिथे फक्त टोकं.

कान हलका आणि उभा राहणारा असेल तर टोकाला जरा वजन हवं असतं, त्यासाठी टोकाच्या आत मोलस्किनचा थेंबाच्या आकाराचा तुकडा लावून ठेवला तरी पुष्कळ असतं, आणि टोकावरचे केस अजिबात कापायचे नाहीत कारण तेही वजनच आहे. मोठा, जड कान असेल तर बरोबर उलटं, टोकावरचे आणि कडेचे केस विरळ करायचे म्हणजे कान हलका होऊन वर येतो. हे मी शिकले ते बंड्यामुळे. बंड्या आमचा पहिला, कान आधीच उभे राहू बघणारे, आणि एका ग्रूमिंगवाल्या बाईंनी प्रेमाने, न विचारता, त्याच्या कानांची टोकं मखमलीसारखी साफ करून दिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही कान आकाशाकडे. वाटाण्याएवढ्या केसांच्या पुंजक्याचं वजन ते काय असणार, पण कानाला कळतं. तेव्हापासून कानाला खडा, ग्रूमरकडे जाताना "कानांना हात लावू नका" अशी चिठ्ठीच देते.

मोठा जड कान उचलता येतो का, तर थोडाफार. स्टँडर्डच सांगतं की मोठे कान बहुधा नीट उचलले जात नाहीत आणि उचलले तरी डोक्याच्या मानाने मोठेच दिसतात. तिथे सहा महिने टेप लावून स्वतःला आणि पिल्लाला छळण्यात अर्थ नाही.

चिकटवलेलं किती दिवस ठेवायचं? सहसा आठवडा ते दोन आठवड्यांत एक बाजू आपोआप सुटते, सुटली की दुसरीही काढा, एकच कान चिकटलेला ठेवला तर दोन कान दोन तऱ्हेचे होतात. मग एक दोन दिवस उघडे, हवा लागू दे, फोटो काढा, गरज असेल तरच परत. दात पूर्ण येईपर्यंत असं चालतं, काहींचं त्यापुढेही. काढताना ओढायचं नाही. बेबी ऑइल किंवा साधं खोबरेल बोटाने चोळा, दहा मिनिटं थांबा, हळूहळू सुटतं, केसात अडकलेला गोंद राहिला तर राहू दे, केसांबरोबर जाईल. परत लावायच्या आधी मात्र ते तेल पूर्ण काढावं लागतं, हे मी दोनदा विसरलेय.

रोज, म्हणजे खरंच रोज, नाक कानाजवळ नेऊन वास घ्यायचा. चांगल्या कानाला जवळजवळ वास नसतो. आंबूस, यीस्टसारखा वास, तपकिरी चिकट मळ, लाली, डोकं सारखं झटकणं, मागच्या पायाने खाजवणं, यातलं एक जरी असलं तरी सगळं काढून टाका आणि डॉक्टरकडे जा. बंड्याच्या वेळी मी आठ दिवस बघितलंच नाही, टेप छान बसली होती ना, आणि काढली तर खाली कातडी ओली, लालभडक, केस गेलेले. बिचारा काही बोलला नाही. कोली असेच असतात, सहन करतात, म्हणून आपण बघायचं. कोकणात, मुंबईत, गोव्यात कुणी कोली पाळत असेल तर जून ते सप्टेंबर चिकटवाचिकटवी टाळाच, त्या दमट हवेत झाकलेला कान म्हणजे बुरशीला आमंत्रण. पिल्लू पावसाळ्यात चार महिन्यांचं होत असेल तर केस कापणं, न कापणं यावर भागवा.

आणि कानाच्या निमित्ताने एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कानात माइट्स (बारीक किडे) झाले, खरूज झाली, गोचिड झाले की आपल्याकडे पुष्कळदा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं जातं, स्वस्त आहे, काम करतं. कोलीला मात्र ते जीवघेणं ठरू शकतं. एमडीआर1 नावाच्या जीनमधल्या बिघाडामुळे औषध मेंदूत शिरतं आणि बाहेर टाकलं जात नाही. हा बिघाड 2001 मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत सापडला, आणि त्यांच्याच आकड्यांप्रमाणे सुमारे 70 टक्के कोलींमध्ये तो असतो. हार्टवर्मच्या (हृदयातल्या जंतांच्या) महिन्याच्या गोळीतला आयव्हरमेक्टिनचा डोस फार कमी असतो, तो ठीक, पण माइट्सवरचा डोस त्याच्या कितीतरी पट असतो. जुलाब थांबवायचं लोपेरामाइडही याच यादीत. तेव्हा डॉक्टरांना "हा कोली आहे, एमडीआर1" असं स्वतःहून सांगा, लाजू नका, शहरातल्या क्लिनिकमध्ये वर्षाला एखादाच कोली येत असेल तर त्यांच्या डोक्यात नसणं साहजिक आहे. गालाच्या आतून स्वॅब घेऊन टेस्ट होते, एकदाच करायची.

शोला जाणार असाल तर रिंगमध्ये कानावर गोंद, टेप, वजन काहीही चालत नाही, आणि ऑपरेशनने कान बदललेला कुत्रा तर बादच. म्हणून शोच्या आठवडाभर आधी सगळं काढून बघा कान स्वतःच्या जिवावर किती राहतो. दोन दिवसांत वर गेला तर तो अजून तयार नाही, एंट्री फी वाचवा.

पिल्लू घ्यायच्या आधीच हे वाचत असाल तर तुम्ही नशीबवान. ब्रीडरला सरळ विचारा, आई-बापाचे कान आपोआप असे आहेत की चिकटवून? प्रामाणिक ब्रीडर सांगतो, आणि पिल्लूपणीचे फोटोही दाखवतो. कानाची ठेवण रक्तातून येते, चिकटवलेल्या कानाचा कुत्रा पिल्लांना चिकटवलेला कान देत नाही, मूळचा देतो. पिल्लांच्या आईला समोरून कान टवकारायला लावा, टोक झाकून बूड बघा. पिल्लांत लहान कान निवडा, डोक्याच्या मानाने जरा लहानच वाटणारे, ते क्वचितच फार लहान निघतात.

चिंगी आता तीन वर्षांची. उजवा कान पुस्तकातल्यासारखा. डावा दर जानेवारीत, घरातल्या हीटरने हवा कोरडी झाली आणि वर केस गळाले की, एक दोन आठवडे वर जाऊन बसतो. मी रात्री त्या टोकाला चिमूटभर लॅनोलिन (लोकरीतून निघणारा मेणचट पदार्थ) चोळते, ती ते चाटायचा प्रयत्न करते, जीभ पोचत नाही.